ग्राफिक्स कार्ड संगणकाला दिसेनासे होते तेव्हा

संगणकाचे बटण दाबले की कॅबिनेटमधील पंखे फिरू लागतात, कीबोर्डवरचे दिवे लुकलुकतात, पण पडदा मात्र काळाच राहतो. कधी पडद्यावर विंडोज उमटते, परंतु अक्षरे भलीमोठी, चिन्हे फुगलेली, आणि काल रात्रीपर्यंत बिनतक्रार चालणारे आराखड्यांचे सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्ड आढळले नाही असे सांगून मिटते. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याचे सबमिशन परवावर आलेले असते, लग्नाच्या चित्रीकरणाचे संकलन निम्म्यावर अडकलेले असते. अशा वेळी संगणक उचलून दुकानात नेला, तर पुष्कळदा एकच निदान कानी पडते : 'कार्ड गेलंय, नवीन टाकावं लागेल.' ते कधी कधी खरेही असते. परंतु कार्ड न दिसण्याच्या अनेक कारणांपैकी कार्ड निकामी होणे हे केवळ एक कारण आहे. उरलेली कारणे केबलमध्ये, वीजपुरवठ्यात, स्लॉटमधील धुळीत, बायोसच्या एखाद्या पर्यायात किंवा अर्धवट बसलेल्या ड्रायव्हरमध्ये दडलेली असतात. ज्या वस्तूची किंमत कित्येकदा उरलेल्या सबंध संगणकाएवढी असते, तिला मृत घोषित करण्यापूर्वी तासभर शांतपणे तपासणी करणे त्यामुळेच फायद्याचे ठरते.

'दिसणे' म्हणजे नेमके काय?

कार्ड 'डिटेक्ट' होणे ही एकच घटना नव्हे. ती तीन टप्प्यांची साखळी आहे, आणि कोणती कडी तुटली हे कळले की अर्धे काम झाले असे समजावे.

पहिला टप्पा निव्वळ विद्युत जोडणीचा. संगणक सुरू होताच पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला वीज मिळते आणि १०० मेगाहर्ट्झचा एक ठोका मिळतो. त्या ठोक्याच्या आधाराने कार्ड आणि मदरबोर्ड परस्परांची चाचपणी करतात. दोघांमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या मार्गांना लेन म्हणतात. सोळाही लेन जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर आठ, चार किंवा अगदी एका लेनवरही तडजोड होते. एकही लेन जुळली नाही, तर मदरबोर्डच्या लेखी तो स्लॉट रिकामाच.

दुसरा टप्पा हजेरीचा. बायोस, म्हणजे आजच्या संगणकांतील यूईएफआय, प्रत्येक स्लॉटला 'येथे कोण आहे' असे विचारत जातो. जागेवर कार्ड असेल तर ते आपले दोन क्रमांक सांगते : एक निर्मात्याचा, दुसरा मॉडेलचा. एनव्हिडियाचा निर्माता-क्रमांक १०डीई, एएमडीच्या ग्राफिक्स कार्डांचा १००२, तर इंटेलचा ८०८६. एएमडीचा क्रमांक २००६मध्ये तिने विकत घेतलेल्या एटीआय या कंपनीकडून वारशाने आलेला आहे, आणि इंटेलचा क्रमांक १९७८च्या तिच्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण करून देतो. जागा रिकामी असेल किंवा कार्ड मुके झाले असेल, तर उत्तरात सगळे एकाचे अंक येतात आणि बायोस पुढे सरकतो. हजेरी लागलेल्या कार्डाला स्मृतीतील जागा नेमून दिली जाते, त्यानंतर कार्डावरच्या छोट्या रॉम चिपमधील व्हीबायोस नावाचा प्रोग्राम चालतो आणि पडद्यावर पहिली अक्षरे उमटतात.

तिसरा टप्पा विंडोजचा. बायोसने नोंदवलेले क्रमांक पाहून विंडोज त्याच्याशी जुळणारा ड्रायव्हर शोधते. तो न मिळाल्यास 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' या कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवले जाते. पडदा दिसतो, पण कार्डाची खरी ताकद झोपलेलीच राहते.

यातून एक साधा नियम हाती येतो. कार्ड बायोसमध्येही दिसत नसेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. 'फॉरमॅट मारून पाहू' हा सल्ला अशा वेळी फक्त घरातली छायाचित्रे गमावण्याचा मार्ग असतो. उलट बायोसमध्ये कार्ड व्यवस्थित दिसत असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याचे तूर्त कारण नाही.

सुरुवात केबलपासून

सर्वांत सामान्य कारण सांगताना जाणकारही ओशाळतात, इतके ते साधे आहे. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचलेली असते. कॅबिनेट झाडलोटीसाठी हलवले, टेबल बदलले, दिवाळीची साफसफाई झाली, की हे हमखास घडते. कॅबिनेटच्या मागे प्रोसेसरच्या पातळीवर उभी असणारी एचडीएमआय सॉकेट्स मदरबोर्डची. त्याखाली आडव्या पट्टीवर असणारी कार्डाची. ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, तेथे मदरबोर्डच्या सॉकेटमधून काहीच दिसणार नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेरीस 'एफ' असते ते, आणि एएमडी रायझनच्या ७००० मालिकेपूर्वीचे 'जी' नसलेले डेस्कटॉप प्रोसेसर या प्रकारचे आहेत. आपला प्रोसेसर कोणता, हे बिलावर पाहून ठेवावे. पुढील सगळ्या तपासणीत ही माहिती उपयोगी पडते, कारण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून ठेवूनही संगणक चालवता येतो आणि बायोस पाहता येतो.

केबल योग्य जागी असेल तर तीच केबल कार्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावी, मग दुसरी केबल, मग दुसरा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही. मॉनिटरच्या मेनूमधील इनपुट डिस्प्लेपोर्टवर आणि केबल एचडीएमआयची, असाही घोळ असतो.

यानंतरची पायरी फुकटची आहे आणि आश्चर्यकारक प्रमाणात यशस्वी होते. संगणक बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे, मागची वायर काढावी आणि कॅबिनेटचे सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये साठून राहिलेला विद्युतभार त्यामुळे निघून जातो. वीज जाऊन-येऊन झाल्यावर अडकून बसलेले कार्ड एवढ्यानेही पुन्हा हजर होते. यात एक खाचखळगा आहे. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे नेहमीच्या 'शट डाउन'ने संगणक पूर्णपणे बंद होतच नाही, यंत्रणेचा एक भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. जुनी चूकही त्यासोबत उचलली जाते. म्हणून अशा तपासणीत 'रीस्टार्ट' करावे, किंवा शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' निवडावे.

धूळ, दमट हवा आणि खोडरबर

आता कॅबिनेट उघडण्याची वेळ. वायर काढलेली असावी आणि काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. कार्डाचा स्क्रू सोडवावा, स्लॉटच्या टोकाला असलेला प्लास्टिकचा खटका दाबावा आणि मगच कार्ड सरळ वर ओढावे. खटका न दाबता कार्ड उपटणे हे स्लॉट फुटण्याचे मोठे कारण आहे.

कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. सोने गंजत नाही हे खरे, पण त्यावरचा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि त्यावर धूळ, हाताचे तेल व हवेतील ओलावा यांचा थर बसतोच. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात खाऱ्या दमट हवेमुळे हा त्रास जास्त. जून ते सप्टेंबर बंद राहिलेला संगणक गणपतीनंतर सुरू करावा आणि कार्ड सापडू नये, हा तेथील दुरुस्तीवाल्यांच्या ओळखीचा प्रकार आहे. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे खोडरबर. तो गावठी वाटला तरी अशास्त्रीय नाही. मात्र मऊ पांढरा खोडरबर हवा. शाईचा खरखरीत नव्हे, कारण तो सोन्याचा मुलामाच खरवडून काढतो. एका दिशेने दोन-चार हलके हात पुरे. त्यानंतर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात, म्हणजे रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाणार नाही. स्लॉटमध्ये फुंकर मारू नये. तोंडातील ओलावा तेथेच जातो. रबरी फुगा किंवा ब्लोअर वापरावा, आणि ब्लोअर वापरताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवावेत. टॉर्चच्या उजेडात स्लॉटमध्ये डोकावल्यास वाकलेली पिन, मुंगी, झुरळाची अंडी असे बरेच काही सापडते.

कार्ड परत बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. खटक्याचा आवाज यायला हवा. कॅबिनेटची मागची पत्र्याची पट्टी किंचित वाकडी असेल तर स्क्रू आवळताना कार्डाचे दुसरे टोक उचलले जाते आणि आवळण्यापूर्वी बसलेले कार्ड आवळल्यावर सुटते. स्क्रू लावल्यावर पुन्हा एकदा पाहणे म्हणून आवश्यक. अलीकडची कार्डे एक ते दोन किलो वजनाची असतात. उभ्या कॅबिनेटमध्ये ती महिनोन्‌महिने लोंबत राहिली की स्लॉटमधून तिरपी होतात आणि खटक्याजवळच्या खाचेत कार्डाच्या पाटीला बारीक तडा जाऊ शकतो. कार्डाखाली आधार देणारी दांडी त्यासाठीच असते. संगणक परगावी न्यायचा असेल, तर कार्ड काढून वेगळे न्यावे.

मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट असेल तर कार्ड त्यात लावून पाहावे. तेथे चालले, तर दोष पहिल्या स्लॉटचा. येथे मदरबोर्डची पुस्तिका उघडावी लागते, कारण अनेक मदरबोर्डांवर दुसरा स्लॉट आणि एम.२ एसएसडीची एखादी जागा त्याच लेन वाटून घेतात. एसएसडी लावली की स्लॉट बंद. नवी एसएसडी बसवल्याच्या दिवसापासून कार्ड गायब झाले असेल, तर संशयित समोरच आहे. कॅबिनेटमध्ये कार्ड उभे लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल, तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावावे. जुन्या पिढीची रायझर केबल नव्या पिढीचा वेग पेलत नाही आणि जोडणी पहिल्याच टप्प्यात फसते.

वीजपुरवठ्याचे गणित

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला कमाल ७५ वॉट देऊ शकतो. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डांना एसएमपीएसमधून वेगळी जोडणी लागते : सहा पिनांची जोडणी ७५ वॉटसाठी, आठ पिनांची १५० वॉटसाठी. ही जोडणी निघालेली असेल, तर काही कार्डे पडद्यावर तसा संदेश देतात. काहींचे पंखे वेगाने फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. आठ पिनांचे दोन प्लग लागणाऱ्या कार्डाला एकाच वायरीचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र वायरी लावणे चांगले. हार्ड डिस्कच्या जुन्या चौपिनी प्लगवरून वीज घेणारे अ‍ॅडॉप्टर तर टाळावेतच.

२०२२पासून सोळा पिनांची, ६०० वॉटपर्यंत वीज देणारी नवी जोडणी आली. त्या वर्षी बाजारात आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांमध्ये हा प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून झाल्या, आणि प्लग पूर्ण आत न गेलेला असणे हे त्यामागचे एक मुख्य कारण म्हणून पुढे आले. २०२३मध्ये जोडणीचा आराखडा सुधारला गेला. त्यात संकेत देणाऱ्या पिना आखूड केल्या, जेणेकरून प्लग अर्धवट बसलेला असल्यास कार्ड वीजच घेणार नाही. म्हणजे अशा कार्डाचे 'न दिसणे' हा दोष नसून सुरक्षेचा उपाय असू शकतो. प्लग खिळेपर्यंत दाबावा. तो काळवंडलेला, फुगलेला वा पिवळसर दिसला तर संगणक पुन्हा सुरू करू नये.

मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरींबाबत एक धोक्याची सूचना द्यावीच लागेल. त्यांचे कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असले, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. जुन्या एसएमपीएसची वायर नव्याला लावली, तर ती बसते. पण चुकीच्या पिनांवर १२ व्होल्ट जाऊन चालू स्थितीतले कार्ड क्षणात जळू शकते.

एसएमपीएस स्वतःच दमला असेल, तर लक्षण वेगळे असते. विंडोजमध्ये कार्ड दिसते, साधे काम होते. खेळ किंवा रेंडरिंग सुरू केले की पडदा जातो आणि कार्ड यादीतून नाहीसे होते, रीस्टार्ट केल्यावर परत येते. येथे दुसऱ्या, खात्रीच्या एसएमपीएसवर चाचणी हाच पुरावा. कित्येक घरांत ६०० व्हीएचा छोटा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठे कार्ड लावल्यावर वीज जाताच संगणक धाडकन बंद पडत असेल, तर दोष कार्डाकडे नाही. घरातील अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

बायोसमधले पर्याय

जुने मदरबोर्ड तक्रार आवाजाने सांगत. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सचा बिघाड, एएमआयमध्ये आठ बीप म्हणजे ग्राफिक्सच्या स्मृतीची तक्रार. आजच्या अनेक मदरबोर्डांवर त्याऐवजी चार छोटे दिवे असतात आणि 'व्हीजीए'जवळचा दिवा तेवत राहिला की प्रश्न कार्डापाशी अडला असे समजते.

बायोसमध्ये शिरता येत असेल, तर प्रथम ग्राफिक्सला प्राधान्य कोणाला दिले आहे तो पर्याय पाहावा. तो 'ऑटो' किंवा 'पीईजी' असा हवा. पीईजी म्हणजे स्लॉटमधले कार्ड. दुसरा पर्याय पीसीआय एक्स्प्रेसच्या पिढीचा. तो 'ऑटो'वर असताना कार्ड सापडत नसेल, तर एक पायरी खाली, म्हणजे चौथ्यावरून तिसऱ्या पिढीवर आणून पाहावे. लांब केबल, जुना स्लॉट किंवा रायझर यांच्यामुळे जुळणी फसत असेल तर ती कमी वेगात जुळते, आणि प्रत्यक्ष कामात फारसा फरक जाणवत नाही.

तिसरा पर्याय 'सीएसएम'चा, जुन्या पद्धतीच्या बायोसशी जुळवून घेणारा. साधारण २०१२च्या आधीच्या कार्डांच्या रॉममध्ये यूईएफआयला समजणारा भाग नसतो. अशा जुन्या कार्डाला सीएसएम बंद असलेल्या मदरबोर्डवर पडदा दाखवता येत नाही, जरी कार्ड ठणठणीत असले तरी. उलट, विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेले असताना सीएसएम बंद केला, तर विंडोजच सुरू होणार नाही. म्हणून बदल एका वेळी एकच करावा आणि कागदावर लिहून ठेवावा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढणे आणखी सोपे.

सगळाच गोंधळ झाला असेल, तर बायोस मूळ स्थितीत आणता येतो. वायर काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावी. ही ३ व्होल्टची बॅटरी घड्याळजीकडेही मिळते, आणि संगणक सहा-सात वर्षांचा असेल तर नवीच घालावी. ती संपली की बायोसमधील निवडी विसरल्या जातात. मात्र डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी हवी. अन्यथा कार्ड सापडेल आणि डिस्क उघडणार नाही.

विंडोज काय सांगते

बायोसमध्ये कार्ड दिसते पण विंडोजमध्ये नाही, अशा वेळी डिव्हाइस मॅनेजर उघडून कार्डाच्या गुणधर्मांमधील कोड क्रमांक वाचावा. दुरुस्तीवाल्याला 'चालत नाही' असे सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगणे कितीतरी उपयोगाचे. कोड २२ म्हणजे कोणीतरी कार्ड हाताने बंद केले आहे; 'एनेबल' केले की काम झाले. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, ३१ म्हणजे तो चढत नाही. कोड १२ म्हणजे कार्डाला स्मृतीत जागा नेमून देता आली नाही. तेथे बायोसमधील 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' हा पर्याय सुरू करावा. कोड ४५ म्हणजे कार्ड पूर्वी होते, आता जोडलेले नाही. ही नोंद 'शो हिडन डिव्हायसेस' केल्यावर फिकट अक्षरांत दिसते, आणि ती दिसली की पावले पुन्हा स्लॉट आणि वायरींकडे वळवावीत.

सर्वांत फसवा तो कोड ४३. 'या उपकरणाने बिघाड कळवल्यामुळे ते थांबवले आहे' एवढेच विंडोज म्हणते. त्यामागे ड्रायव्हरची सरमिसळ असू शकते, कार्डाची बदललेली रॉम असू शकते, आणि कार्डावरील स्मृतीची चिप खरोखर गेलेलीही असू शकते. ड्रायव्हर पूर्णपणे काढून नवा टाकणे हा येथे पहिला उपाय. 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे विनामूल्य साधन त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते सेफ मोडमध्ये चालवावे आणि त्या वेळी इंटरनेटची केबल काढून ठेवावी; नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवते. नवा ड्रायव्हर कार्डनिर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर आपोआप अपडेट' करण्याचे आमिष दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूर राहिलेले बरे.

कार्ड जुने असेल तर नवीन ड्रायव्हर त्याला ओळखतच नाही, हेही ध्यानात घ्यावे. एनव्हिडियाने केप्लर पिढीच्या डेस्कटॉप कार्डांना नव्या ड्रायव्हरमधून २०२१मध्ये वगळले. त्यांना ४७० मालिकेचा जुना ड्रायव्हरच शोधावा लागतो.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. २०१०च्या सुमारास आलेल्या एनव्हिडियाच्या ऑप्टिमस तंत्रानंतर बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि मोठे कार्ड गरज नसताना झोपवले जाते. काही कंपन्यांच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवण्याचा 'इको'सारखा पर्याय असतो. तो निवडला की मोठे कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधूनही अदृश्य होते. घाबरून सर्व्हिस सेंटर गाठण्यापूर्वी चार्जर लावावा आणि हा पर्याय बदलून लॅपटॉप रीस्टार्ट करावा.

कार्ड खरेच गेले असेल तर

अंतिम निर्णय अदलाबदलीने होतो, आणि ती दोन्ही बाजूंनी व्हावी लागते : संशयित कार्ड मित्राच्या चालू संगणकात, आणि मित्राचे चालू कार्ड आपल्या संगणकात. पहिल्याने कार्ड कळते, दुसऱ्याने मदरबोर्ड व एसएमपीएस. दुकानात पुष्कळदा फक्त दुसरी चाचणी होते. नवे कार्ड लावून चालले म्हणून जुने मेले असे ठरते. प्रत्यक्षात जुने कार्ड काढता-लावताना पट्ट्या घासल्या गेल्या असत्या तर तेही चालले असते. कार्ड आपल्यासमोर दुसऱ्या संगणकात लावून दाखवण्याचा आग्रह धरण्यात गैर काही नाही.

दोन्ही चाचण्यांत कार्ड नापास झाले, की पहिला प्रश्न वॉरंटीचा. कार्ड उघडण्यापूर्वी, त्यावरचे स्टिकर खरवडण्यापूर्वी बिल शोधावे आणि अनुक्रमांकाचा फोटो काढावा.

वॉरंटी संपलेल्या कार्डांसाठी एक उपाय तोंडोतोंडी पसरलेला आहे : कार्ड ओव्हनमध्ये भाजणे. त्याची मुळे एका खऱ्या प्रकरणात आहेत. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिपमध्ये कमकुवत सामग्री वापरली गेल्याचे सांगून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. या चिप सतत तापत आणि थंड होत; सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पाटी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावत, आणि दोघांना जोडणारे सूक्ष्म टाके तडकत. अशा चिपला बाहेरून उष्णता दिली की तडकलेले टाके काही काळ पुन्हा टेकतात आणि कार्ड जिवंत होते. काही दिवस, फार तर काही महिने. मग तडा पुन्हा उघडतो, कारण चिपच्या आतला जोड दुरुस्त झालेलाच नसतो. घरगुती ओव्हनमध्ये हा प्रयोग तर मुळीच करू नये. तापलेल्या पाटीतून व प्लास्टिकमधून निघणारा विषारी धूर त्याच ओव्हनमध्ये राहतो, ज्यात उद्या मुलांचा केक होणार असतो.

'रीबॉलिंग' ही त्याहून गंभीर प्रक्रिया आहे : चिप उचलून तिच्याखालचे झाळकामाचे गोळे नव्याने बसवणे. कार्ड वाकल्यामुळे किंवा पडल्यामुळे बाहेरचे गोळे तुटले असतील तर ती उपयोगी पडते. चिपचा आतला जोड गेला असेल तर नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तापकीर गल्लीसारख्या बाजारांत अशा कामाची चौकशी करता येते. मात्र पैसे ठरवताना दुरुस्तीनंतर किती दिवसांची हमी, हे बिलावर लिहून घ्यावे. ज्या कार्डांवर फ्यूज, मॉस्फेट किंवा कपॅसिटर गेलेला असतो, त्यांची दुरुस्ती त्यामानाने सोपी आणि टिकाऊ. मल्टिमीटर हाती घेऊन आधी व्होल्टेज मोजणारा कारागीर आणि आल्या आल्या हॉट एअरचा झोत मारणारा कारागीर यांच्यातील फरक ग्राहकाने स्वतः पाहून ओळखावा.

जुने कार्ड विकत घेण्याचा मार्ग उरतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धत सोडली आणि दिवसरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतली काही उत्तम चालतात. काहींची रॉम मात्र खाणकामासाठी बदललेली असते, आणि नेहमीच्या ड्रायव्हरला ती न पटल्याने नव्या घरी कोड ४३ उभा राहतो. कार्डावर दोन रॉममधून निवडीची छोटी कळ असेल, तर ती संगणक बंद असताना दुसऱ्या बाजूला करून पाहावी. स्वस्त कार्डाच्या रॉममध्ये महागड्या कार्डाचे नाव लिहून विकण्याचे प्रकारही होतात. जीपीयू-झेड हे विनामूल्य साधन चिपचे खरे नाव आणि किती लेनवर जोडणी झाली ते दाखवते. सोळा लेनचे कार्ड एक किंवा चार लेनवर दिसले, तर पट्ट्या अस्वच्छ आहेत किंवा झिजल्या आहेत. वेगाचा आकडा मात्र कार्ड रिकामे असताना मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तो पाहायचा तर कार्डावर काम टाकूनच. विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात अर्धा तास भार देऊन, तापमान पाहून आणि मध्ये दोनदा संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही कार्ड सापडते का हे बघून मगच पैसे मोजावेत.